तुर्की घरी पाहुणे म्हणून जाताना: उंबरठ्यापासून निरोपापर्यंत

मराठीत ‘मुसाफर’ म्हणजे प्रवासी. मूळ अरबी असलेला हाच शब्द तुर्कीत ‘मिसाफिर’ झाला आणि तेथे त्याचा अर्थ ‘पाहुणा’ असा स्थिरावला. वाटेवर असलेला माणूस तुर्की भाषेत शिरताच कोणाच्या तरी घरी येऊन बसला, असे म्हणायला हरकत नाही. न सांगता दारी आलेल्या अनोळखी माणसाला तुर्कस्तानात ‘तान्री मिसाफिरी’, म्हणजे ‘देवाचा पाहुणा’ म्हणतात. ‘अतिथी देवो भव’ ऐकत मोठ्या झालेल्या मराठी माणसाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. समजून घ्यावी लागते ती पुढची रीत: दारात काय म्हणायचे, चहा किती प्यायचा, वाढलेले नको असेल तर कसे सांगायचे आणि निघायची वेळ झाली हे कशावरून ओळखायचे.

नोकरी, शिक्षण, लग्नसंबंध किंवा सहल अशा कोणत्याही कारणाने तुर्की कुटुंबाचे आमंत्रण आले, तर पुढील माहिती त्या संध्याकाळच्या क्रमानेच उपयोगी पडेल. इस्तंबूलच्या सदनिकेत राहणारे तरुण जोडपे आणि पूर्व तुर्कस्तानातील एर्झुरुमजवळच्या खेड्यातील एकत्र कुटुंब यांच्या वागण्यात फरक असणारच. तरीही भेटीचा सांगाडा बहुतेक ठिकाणी सारखाच आढळतो, आणि त्या सांगाड्याचे सांधे वस्तूंपेक्षा शब्दांनी अधिक जोडलेले आहेत. मिठाईचा पुडा विसरला तर चालून जाते. पण ठरलेल्या जागी ठरलेले वाक्य आले नाही, तर यजमानीणबाईंना काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते.

निघण्यापूर्वी

रिकाम्या हाताने जाऊ नये, हा संकेत आपल्यासारखाच आहे. बाकलावा किंवा इतर मिठाईचा डबा, सुका मेवा, फुले यांपैकी काहीही चालते. आपल्याकडून नेलेला चांगला काजू किंवा मसाल्याचा चहा कौतुकाने घेतला जाईल. मद्य मात्र ते घर पिणारे आहे हे पक्के ठाऊक असल्याखेरीज नेऊ नये. घरात नुकतेच बाळ जन्मले असेल, तर जवळचे लोक ‘चेयरेक आल्तिन’ देतात. हे सुमारे 1.75 ग्रॅम वजनाचे, 22 कॅरटचे छोटे सोन्याचे नाणे असते, आणि लग्नातही तांबड्या फितीला लावून ते वधूवरांच्या अंगावर टाचतात. नव्याने ओळख झालेल्या पाहुण्याकडून मात्र एवढी अपेक्षा कोणी करत नाही.

कपडे नीटनेटके असावेत. ज्याला आपण मुल्ला नसरुद्दीन म्हणून ओळखतो आणि ज्याची कबर मध्य अनातोलियातील आक्शेहिर गावी दाखवतात, त्या नसरेद्दीन होजाची या बाबतीतली गोष्ट तुर्की माणसाला तोंडपाठ असते. होजा साध्या कपड्यांत मेजवानीला जातो आणि कोणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही; घरी जाऊन तो फरचा भारी अंगरखा घालून येतो, तेव्हा त्याला मानाच्या जागी बसवले जाते. मग होजा अंगरख्याची बाही ताटात बुडवून तिलाच म्हणतो, ‘खा, अंगरख्या, खा!’ गोष्ट यजमानांना चिमटा काढणारी आहे. पाहुण्याने तिच्यातून एवढेच घ्यावे की कपड्यांकडे लोकांचे लक्ष असते.

कपड्यांपेक्षाही मोजे तपासावेत, कारण पादत्राणे दारातच काढावी लागतात आणि भोक पडलेला मोजा लपवायला जागा नसते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी, ती म्हणजे आपण काय खात नाही. ताट पुढे आल्यावर नकार देण्यापेक्षा आमंत्रण स्वीकारतानाच ते सांगणे दोन्ही बाजूंना सोयीचे असते. ‘एत येमियोरुम’ म्हणजे ‘मी मांस खात नाही’. पण मांसात कोंबडी आणि मासे येत नाहीत असे काही जण समजतात, म्हणून ‘तावुक’ (कोंबडी) आणि ‘बालिक’ (मासा) हे शब्दही त्यात घालावेत. मांस खाणाऱ्या पण गोमांस न खाणाऱ्यांनी ‘दाना’ आणि ‘सिगिर’ हे शब्द लक्षात ठेवावेत, कारण ते गाईबैलाच्या मांसासाठी वापरतात. ‘कुझु’ म्हणजे कोकरू. मसुराच्या डाळीचे सूप, ‘मेर्जिमेक चोर्बासी’, दिसायला निर्धोक असले तरी त्यात कधी कधी मांस उकळलेले पाणी घालतात, तेव्हा शाकाहाऱ्याने विचारून घेतलेले बरे. त्याचा खरा आधार म्हणजे ‘झेयतिन्याली’ हा पदार्थांचा वर्ग. ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या या भाज्यांत, भात भरलेल्या द्राक्षपानांच्या सुरळ्यांत आणि वांग्याच्या प्रकारांत सहसा मांस नसते, आणि माझ्या मते तुर्की स्वयंपाकघराचे खरे कसब कबाबात नसून येथे दिसते.

रमजानमध्ये इफ्तारचे आमंत्रण असेल, तर उशीर अजिबात चालत नाही. दिवसभर उपाशी असलेली माणसे सूर्यास्ताच्या क्षणाची वाट पाहत ताटावर बसलेली असतात, म्हणून त्याआधी दहा-पंधरा मिनिटे पोहोचावे.

दारात

दार उघडताच ‘होश गेल्दिनीझ’ ऐकू येईल. यातला ‘होश’ म्हणजे फारसीतला ‘खुश’, तेव्हा शब्दशः अर्थ होतो ‘आनंदाने आलात’. याला उत्तर म्हणून धन्यवाद देणे पुरेसे नाही. ठरलेले उत्तर आहे ‘होश बुल्दुक’, म्हणजे ‘आनंदच सापडला’. परदेशी माणसाच्या तोंडून हे दोन शब्द योग्य क्षणी आले की घरातला अर्धा संकोच तेथेच संपतो. एकच वाक्य पाठ करण्याची तयारी असेल, तर हेच करावे.

बूट उंबरठ्याच्या बाहेर किंवा दाराशी काढून ठेवावेत. यजमान लगेच ‘तेरलिक’, म्हणजे घरात घालायच्या सपाता पुढे करतील. त्या नाकारू नयेत. गार फरशीवर अनवाणी फिरल्याने माणूस आजारी पडतो, यावर तुर्की आया ठाम असतात. न्हाणीघराच्या सपाता निराळ्या असतात आणि तेथून बाहेर येताना त्या तेथेच सोडायच्या असतात, हे नवख्या पाहुण्याच्या हमखास ध्यानातून सुटते.

ओळखीच्या माणसांत दोन्ही गालांना गाल लावून अभिवादन होते. स्त्री-पुरुषांच्या बाबतीत मात्र समोरच्या व्यक्तीने हात पुढे करण्याची वाट पाहावी. धार्मिक वळणाच्या घरात ती व्यक्ती केवळ छातीवर हात ठेवून मान लववील आणि तेवढेच आपणही करावे. घरात आजी-आजोबा असतील, तर सणाच्या दिवशी त्यांच्या उजव्या हाताचे चुंबन घेऊन तो हात आपल्या कपाळाला लावतात. वाकून पाया पडण्याची आपली सवय तेथे कोणाला कळणार नाही आणि वृद्ध गृहस्थ गोंधळून मागे सरकतील. बायराम, म्हणजे ईदच्या दिवशी मुले घरोघर जाऊन असा हात कपाळाला लावतात आणि मिठाईबरोबर ‘हार्चलिक’ मिळवतात. हा शब्द आपल्या ‘खर्च’ या शब्दाचा भाऊबंद आहे आणि त्याचा अर्थही खाऊचे पैसे असाच आहे.

कोणाला काय हाक मारायची, हे मराठी माणसाला सोपे जाते, कारण नात्यांची विभागणी जवळजवळ आपल्यासारखीच आहे. आईची बहीण ‘तेयझे’, वडिलांची बहीण ‘हाला’, वडिलांचा भाऊ ‘आमजा’, आईचा भाऊ ‘दायी’. म्हणजे अनुक्रमे मावशी, आत्या, काका आणि मामा. परक्या पण वयाने मोठ्या बाईंना आपण मावशी म्हणतो, तसेच तेथेही ‘तेयझे’च म्हणतात. थोड्या मोठ्या स्त्रीला ‘आब्ला’ (ताई) आणि पुरुषाला ‘आबी’ (दादा) चालते. औपचारिक ओळख असेल, तर पहिल्या नावापुढे ‘हानिम’ किंवा ‘बेय’ लावावे. आडनावाने हाक मारण्याची पद्धत घरात नाही.

बसल्यावर: कोलोन्या आणि पहिला घास

दिवाणखान्यात बसल्यावर घरातील धाकटे कोणीतरी बाटली घेऊन येईल आणि पाहुण्यांसमोर किंचित वाकून उभे राहील. ही ‘कोलोन्या’, म्हणजे लिंबाच्या वासाचे सुगंधी द्रव्य. जर्मनीतल्या कोलोन शहराचे नाव घेऊन एकोणिसाव्या शतकात ऑटोमन राज्यात आलेल्या या द्रव्याने गुलाबपाणी शिंपडण्याची जुनी रीत मागे सारली. दोन्ही तळहात ओंजळीसारखे पुढे करावेत, पडलेले थेंब हातांवर चोळावेत आणि हवे तर मानेला लावावेत. यात साधारण 80 टक्के मद्यार्क असतो, म्हणून हात लगेच डोळ्यांजवळ नेऊ नये. 2020 मध्ये करोनाची साथ आली, तेव्हा आजीची ही बाटली जंतुनाशक द्रव म्हणून एकदम मागणीत आली. लांब पल्ल्याच्या बसमध्येही ती फिरवली जात असे. आपल्या लग्नघरी दारात अत्तर लावणे आणि गुलाबदाणीतून शिंपडणे यांच्याशी तिचे साम्य स्पष्ट आहे.

त्याबरोबर चॉकलेट किंवा साखरेची गोळी पुढे येते. ती घ्यावी.

या सगळ्यात ‘बुयुरुन’ हा शब्द सतत कानावर पडेल. या, बसा, घ्या, बोला, पुढे व्हा, हे आपले सगळे आर्जव तुर्की माणूस या एका शब्दात बसवतो.

कॉफी

जेवण असेल तर कॉफी त्यानंतर येते, आणि नुसती भेट असेल तर सुरुवातीला. तुर्की कॉफीची संस्कृती आणि परंपरा युनेस्कोने 2013 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. पण इस्तंबूलमध्ये कॉफीगृहे सोळाव्या शतकाच्या मध्यासच सुरू झाली होती आणि तेथे जमणारी माणसे फार बोलतात म्हणून सुलतान चौथ्या मुरादने 1633 मध्ये ती बंदही करून पाहिली. भाषेत कॉफी किती मुरली आहे, हे दोन शब्दांवरून कळते. न्याहारीला ‘काह्वाल्ती’, म्हणजे ‘कॉफीच्या आधीचे’ म्हणतात, आणि तपकिरी रंगाला ‘काह्वेरेंगी’, म्हणजे कॉफीचा रंग.

यजमानीण आधी विचारील: साखर कशी? साखर कॉफी शिजतानाच घालायची असल्याने हा प्रश्न महत्त्वाचा आहे; नंतर ढवळून चालत नाही. ‘सादे’ म्हणजे बिनसाखरेची, ‘आझ शेकेरली’ म्हणजे कमी गोड, ‘ओर्ता’ म्हणजे मध्यम आणि ‘शेकेरली’ म्हणजे गोड. घरातील बहुतेक जण जे सांगतील तेच आपणही सांगितले, तर तिचे एक भांडे वाचते.

परतून आल्यावर तुर्की यजमानांना आपल्या घरी ही कॉफी करून पाजायची असेल, तर कृती अशी आहे. कॉफी मैद्यासारखी बारीक दळलेली हवी. आपली दाक्षिणात्य फिल्टर कॉफीची पूड जाड पडते आणि चिकोरी मिसळलेली पूड तर मुळीच घेऊ नये. ‘जेझवे’ हे लांब दांड्याचे, वर निमुळते होणारे छोटे भांडे, शक्यतो तांब्याचे, नसेल तर लहान पातेली घ्यावी. ज्या कपातून प्यायचे त्या ‘फिंजान’नेच गार पाणी मोजावे; साधारण 60 ते 70 मिलीलीटरच्या कपाला शीग लावून एक लहान चमचाभर, म्हणजे सुमारे 7 ग्रॅम पूड पुरते. पूड, साखर आणि पाणी थंड असतानाच एकत्र करून नीट ढवळावे आणि भांडे अगदी मंद आचेवर ठेवावे. यानंतर चमचा बाजूला ठेवायचा, कारण फेस धरू लागल्यावर ढवळले की तो मोडतो, आणि फेसावाचून आलेली कॉफी म्हणजे यजमानिणीची नाचक्की. कडेने फेस चढू लागला की तो चमच्याने थोडा थोडा सगळ्या कपांत घालावा, उरलेली कॉफी पुन्हा एकदा वर येऊ द्यावी, खळखळून उकळायच्या आत उतरवावी आणि कपाच्या कडेवरून हलकेच ओतावी.

कॉफीबरोबर पाण्याचा पेला आणि बहुधा ‘लोकुम’ या मऊ मिठाईची वडी येते. पाणी आधी प्यावे, म्हणजे तोंड स्वच्छ होते. पाहुण्याने आधी पाण्याला हात लावला तर तो उपाशी आहे असे समजून यजमानीण जेवणाची तयारी करीत असे, अशी कथाही सांगतात. आज कोणी एवढे निरीक्षण करत बसत नाही. कॉफी गाळत नाहीत, तेव्हा गाळ खाली बसायला दोन मिनिटे थांबून छोटे घोट घ्यावेत आणि तळाचा रबरबीत भाग सोडून द्यावा. ‘एका फिंजान कॉफीची खातर चाळीस वर्षे राहते’ ही तुर्की म्हण येथे कोणीतरी म्हणेलच. त्यांचा मूळ शब्द ‘हातिर’ आणि आपला ‘खातर’ हे एकच आहेत, त्यामुळे या म्हणीचे भाषांतर करण्याचीही गरज पडत नाही.

लग्न ठरवण्याच्या बैठकीत मात्र सावध असावे. मुलाकडची मंडळी मागणी घालायला येतात तेव्हा कॉफी मुलगी करते आणि नवऱ्या मुलाच्या कपात साखरेऐवजी मीठ घालते. त्याने तोंड वाकडे न करता ती संपवायची असते, आणि सगळे जण त्याच्या चेहऱ्याकडे पाहत असतात. आपल्याकडच्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात परीक्षा मुलीची होते. तेथे निदान त्या एका कपापुरती ती मुलाची होते, हे मला जास्त न्याय्य वाटते.

कप पालथा घातल्यावर

स्त्रियांच्या बैठकीत कॉफी संपली की कोणीतरी भविष्य पाहण्याची गोष्ट काढते. याला ‘फाल’ म्हणतात. कप संपल्यावर त्यावर बशी पालथी ठेवायची, मनात इच्छा धरून दोन्ही एकत्र हलकेच गोल फिरवायचे आणि झटक्यात उलटे करून बशीवर ठेवायचे. लवकर निवावे म्हणून वर अंगठी किंवा नाणे ठेवतात. कप गार झाल्यावर तो दुसऱ्या व्यक्तीने उचलायचा. आपला कप आपण वाचत नाहीत. आत गाळाचे जे ओघळ आणि ठिपके उमटतात, त्यांतून चित्रे शोधली जातात: मासा दिसला तर ‘किसमेत’, म्हणजे लाभ, पक्षी दिसला तर बातमी आणि लांब पांढरी रेघ दिसली तर प्रवास.

पाहुण्याने येथे फार गंभीरही होऊ नये आणि अंधश्रद्धेवर व्याख्यानही देऊ नये. तुर्की लोकांचीच म्हण आहे, ‘फालावर विश्वास ठेवू नये, पण फालावाचून राहूही नये.’ कप वाचणारी बाई बहुतेक वेळा समोरच्या मुलीला धीर देत असते, आणि हाच त्या खेळाचा खरा उपयोग आहे.

याच बैठकांचा आणखी एक प्रकार मराठी बायकांना ऐकताक्षणी कळेल. मैत्रिणी दर महिन्याला आळीपाळीने एकेकीच्या घरी जमतात, प्रत्येक जण ठरलेले सोन्याचे नाणे त्या दिवशीच्या यजमानिणीला देते आणि फराळ, चहा, गप्पा होतात. ‘आल्तिन ग्युनु’, म्हणजे सोन्याचा दिवस, असे याचे नाव आहे. ही आपली भिशीच. फक्त नोटांच्या जागी सोने.

चहा, आणि तो थांबवण्याची कला

कॉफी एकदाच येते, चहा येतच राहतो. परदेशी माणसाला वाटते की तुर्कस्तान शतकानुशतके चहा पीत असावा, पण तेथली लागवड विसाव्या शतकातली आहे. पहिल्या महायुद्धानंतर कॉफी पिकवणारा येमेन हातचा गेला, कॉफी आयात करावी लागल्याने महाग झाली आणि नव्या प्रजासत्ताकाने काळ्या समुद्राकाठच्या पावसाळी रिझे प्रांतात चहा लावण्यासाठी 1924 मध्ये कायदा केला. रिझे येथे पहिला मोठा कारखाना 1947 मध्ये सुरू झाला. आज दरडोई चहा पिण्यात तुर्कस्तान जगात सर्वांत पुढे असलेल्या देशांत गणला जातो.

चहा होतो तो ‘चायदानलिक’मध्ये, आणि हा शब्द आपल्या चहादाणीचाच नातेवाईक आहे. यात एकावर एक अशा दोन किटल्या असतात. खालच्या मोठ्या किटलीत नुसते पाणी उकळते. वरच्या ‘देमलिक’मध्ये चहाची पत्ती घालून त्यावर उकळते पाणी ओततात आणि खालच्या वाफेवर ती पंधरा मिनिटे मुरू देतात. पेल्यात आधी वरचा गडद अर्क आणि मग खालचे पाणी घालतात, त्यामुळे प्रत्येकाला आपापल्या आवडीचा चहा मिळतो. ‘देमली’ म्हणजे कडक, ‘आचिक’ म्हणजे फिका. उत्तम चहाच्या रंगाला ‘तावशान कानी’, म्हणजे सशाचे रक्त म्हणतात. उपमा आपल्या जिभेला जड जाते, पण काचेचा पेला उजेडात धरला की ती पटते. लहान मुलांना गार पाणी घालून कोमट केलेला फिका चहा देतात आणि त्याला ‘पाशाचा चहा’ म्हणतात.

दूध मागू नये. आपल्याकडचा आले-वेलदोड्याचा दुधाळ चहा हा तेथील लोकांना वेगळाच पदार्थ वाटतो. साखरेचे खडे बशीत असतात. एर्झुरुमकडे खडा चहात न टाकता गालात धरून त्यावरून चहा पितात. मधोमध निमुळता असलेला पेला काठोकाठ भरत नाहीत, आणि वर सोडलेल्या त्या रिकाम्या जागेला ‘ओठाचा वाटा’ असे नाव आहे. पेला तेथूनच, काठाशी दोन बोटांत धरायचा, नाहीतर बोटे पोळतात.

रिकामा पेला दिसला की तो भरला जाईल, हे गृहीत धरावे. पुरे झाले असेल तर चमचा पेल्याच्या तोंडावर आडवा ठेवावा. ही खूण सर्वत्र समजते. न बोलता नकार देण्याची ही एकमेव हमखास रीत आहे, कारण तोंडी नकार पहिल्यांदा भीड म्हणूनच धरला जातो.

ताटावर

आग्रहाच्या बाबतीत तुर्की यजमानीण कोकणातल्या आजीला हार जाणार नाही. ‘नको’ म्हटल्यावर ती पुन्हा वाढील, आणि फारच ताणले तर ‘ओल्युमु ओप’, म्हणजे ‘नाही खाल्लेस तर माझ्या प्रेताचे चुंबन घे’ असे सुनावील. ‘माझे मेलेले तोंड पाहशील’ ही शपथ ऐकलेल्या माणसाने यात घाबरण्यासारखे काही नाही. पहिल्या खेपेस थोडेच घ्यावे, म्हणजे दुसऱ्या वाढीला जागा राहते. खरोखर थांबायचे असेल, तेव्हा उजवा हात छातीवर ठेवून ‘दोयदुम’ (पोट भरले) आणि ‘साओलुन’ (तुमचे भले होवो) म्हणावे.

समोरचा माणूस भुवया आणि हनुवटी वर उचलून जिभेने ‘च्क’ असा आवाज करील, तेव्हा तो तुच्छता दाखवत नसतो. त्याचे साधे ‘नाही’ असते. उलट आपण मान डोलावून ‘हो’ म्हणतो, ते त्याला ‘नाही’ किंवा ‘कळले नाही’ असे वाटू शकते, म्हणून तोंडाने ‘एवेत’ (हो) म्हणावे.

पावाला तुर्कीत ‘एकमेक’ म्हणतात, आणि मराठी माणसाला हा शब्द विसरणे कठीण आहे. पावाचा मान मोठा असतो. तुकडा जमिनीवर पडला तर जुनी माणसे तो उचलून ओठांना आणि कपाळाला लावतात आणि पायदळी येणार नाही अशा उंच जागी, भिंतीवर किंवा कठड्यावर, पाखरांसाठी ठेवतात. पाव टाकून देणे किंवा त्यावरून पाय ओलांडणे टाळावे.

खाऊन झाल्यावर स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला ‘एलिनिझे साअलिक’, म्हणजे ‘तुमच्या हातांना आरोग्य लाभो’ असे म्हणतात. ‘छान झाले होते’ यापेक्षा याला वजन आहे, कारण यात कौतुक पदार्थाचे नसून राबलेल्या हातांचे आहे. उत्तर येते ‘आफियेत ओलसुन’, म्हणजे अंगी लागो. जेवणाऱ्यांतले वडीलधारे यजमानांना ‘झियादे ओलसुन’ असेही म्हणतात. यातला ‘झियादे’ म्हणजे आपले ‘ज्यादा’, तुमच्या घरी सदा भरपूर असो. यजमानांनी साधेपणाबद्दल माफी मागितलीच, तर एक म्हण त्यांना परत करता येते: पाहुणा दहा वाटे घेऊन येतो, एक खातो आणि नऊ ठेवून जातो.

कौतुक करताना

मूल गोंडस दिसले, घर सुंदर वाटले, तर कौतुकाच्या आधी किंवा लगेच नंतर ‘माशाल्लाह’ म्हणावे. तुर्कीत ‘नाझार देय्मेक’ म्हणजे शब्दशः ‘नजर लागणे’. शब्दही तोच आणि भीतीही तीच. निळ्या काचेचा डोळ्यासारखा मणी दारावर, गाडीत आणि बाळाच्या अंगड्यावर दिसतो तो यासाठीच, आणि इझमीरजवळच्या गावांत कारागीर आजही तो भट्टीत ओढून करतात. आपल्याकडे मीठ-मोहऱ्या उतरवतात, तेथे हरमल या रानझुडपाच्या बियांची धुरी देतात किंवा डोक्यावर कापड धरून वर पाण्यात वितळलेले शिसे ओततात. मणी तडकला तर त्याने कोणाची तरी नजर स्वतःवर घेतली असे समजतात. पाहुण्याने अशा वेळी हसू नये, आणि माशाल्लाह म्हणायला विसरलाच, तर दुसरे कोणीतरी त्याच्यासाठी ते पुटपुटेल.

दुःखाच्या घरी गेल्यास शब्द निराळे लागतात. आजाऱ्याला ‘गेचमिश ओलसुन’ (सरून गेलेले असो) आणि मृत्यू झालेल्या घरी ‘बाशिनिझ साओलसुन’ (तुम्ही कुशल असा) म्हणतात. शोकाच्या दिवसांत शेजारी जेवण आणून देतात, आणि त्या घरात रव्याचा हलवा करून वाटण्याची रीत आहे. आपल्याला तो सत्यनारायणाच्या शिऱ्यासारखा वाटेल, पण अशा वेळी त्याचे तोंड भरून कौतुक करण्यापेक्षा मृताचे नाव घेऊन तो मुकाट्याने खाणे शोभते.

निघताना

फळे आणि सुका मेवा बाहेर आला, की संध्याकाळ उतरणीला लागली असे समजावे. तरी पाहुण्याने उठायचे म्हटल्यावर यजमान दोनदा तरी बसवतील, आणि दारात पुन्हा पंधरा मिनिटे गप्पा होतील. ही वेळ आधीच हिशेबात धरावी, विशेषतः शेवटची मेट्रो पकडायची असेल तर. निघणारा ‘आल्लाहा इस्मार्लादिक’ (तुम्हाला देवावर सोपवले) किंवा नुसते ‘होश्चाकालिन’ (आनंदात राहा) म्हणतो, आणि घरात राहणारा ‘ग्युले ग्युले’ (हसत हसत जा) म्हणतो. हे शब्द उलटे वापरले तर सगळे हसतात, पण कोणी रागवत नाही.

लांबच्या प्रवासाला निघत असाल, तर गाडी हलताच मागे वळून पाहावे. घरातील बाई तांब्याभर पाणी गाडीच्या मागे रस्त्यावर ओतत असेल आणि म्हणत असेल, ‘सु गिबी गित, सु गिबी गेल’: पाण्यासारखा जा, पाण्यासारखा ये. काही सांडले नाही आणि कोणी रागावलेही नाही. वाट पाण्यासारखी सुरळीत वाहावी म्हणून ही कृती आहे.

तिने डब्यात काही बांधून दिले असेल, तर तो डबा लक्षात ठेवावा. मोहरमच्या महिन्यात गहू, हरभरे, वाल, जर्दाळू, अंजीर घालून केलेली ‘आशुरे’ ही गोड खीर वाट्यांतून शेजारीपाजारी जाते, आणि वाटी परत येताना रिकामी येत नाही, हा नियम तेथेही पाळतात. पोहोचल्याचा निरोप त्याच रात्री कळवावा, आणि डबा पुढच्या भेटीत आपल्या हातचे काहीतरी भरून द्यावा. बेसनाचे लाडू प्रवासात टिकतात आणि शाकाहारी-मांसाहारी असा प्रश्नही त्यांच्याबाबत उरत नाही.